मेमसाबचे डोळे

“मी नाही काढत डोळे, मेमसाब.” रंभाबाईने ब्रश परत ठेवला. “मूर्तीवाल्या चितारओळीतली पोरगी आहो मी. डोळे उघडले का मूर्ती जित्ती होते. मंग तिले पाण्यात पोचवा लागते.”

“मंग पोचव मले,” मेमसाब म्हणाली. तिचं मराठी घरी कामाला असलेल्या रंभाबाईच्याच तोंडून उचललेलं होतं.

मेमसाब, म्हणजे मिस प्राइस, मूळची वेल्सची. डोंगरातल्या तळ्याकाठचं गाव सोडून तरुणपणी नागपुरात आली आणि इथलीच झाली. सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांची, त्यांच्या मडमांची चित्रं काढण्यात जन्म गेला. साहेब बदलून गेले, चित्रंही त्यांच्याबरोबर गेली. हिची आठवण कोण कशाला ठेवतो? शेवटी म्हातारीने स्वतःचं चित्र काढायला घेतलं, आणि नेमकी डोळ्यांपाशी येऊन नजरच गेली. एवढं पुरं करून मरावं, हा एकच ध्यास उरला होता.

रंभाबाईचा जीव कळवळला. “पोचवीन,” म्हणत तिने ब्रश उचलला. बापाला मूर्तीचे डोळे काढताना तिने पाहिलं होतं. तसाच श्वास रोखून तिने दोन्ही बुबुळं काढली, निळी.

भिंतीकडे तोंड करून बसलेली मेमसाब हळूच म्हणाली, “तुह्या गालाले रंग लागला वं, रंभा.”

रंभाबाईने गाल पुसला. बोटं निळी झाली.

“अन् पदर फाटला, तं मले काहून नाही सांगितलं?”

म्हातारी वळलीसुद्धा नव्हती. चित्र मात्र रंभाबाईकडेच पाहत होतं. ती दोन पावलं मागे सरली.

“भेऊ नको. बहुत दिवसानं दिसून राहिलं मले.”

आठवड्याभरात मेमसाब गेली. पाद्र्याने तिला रीतसर मातीत ठेवलं. चित्र ठेवून घ्यावं असं रंभाबाईला फार वाटलं; तिच्याजवळ मेमसाबचं दुसरं काय होतं? पण ते डोळे सारखे उघडे. माणूस मातीत निजलं आणि नजर इथे जागी, हे तिला बघवेना. शिवाय शब्द दिलेला.

निघताना तिने चित्र बंगल्याकडे फिरवलं. बाप्पाला नेताना फिरवतात तसं, एकदा घर पाहून घ्यायला. शुक्रवारी नावाच्या तलावाच्या पायरीवर तिने त्याला दगड बांधला आणि चेहरा वर ठेवून पाण्यात सोडलं.

“तुमच्या गावासारखंच तळं आहे, मेमसाब. निजा आता.”

पाणी कपाळावर चढलं. रंभाबाईने त्या चित्रात पापण्या मिटलेल्या काढल्या नव्हत्या. पण पाण्याखाली जाता जाता त्या सावकाश मिटल्या.

ती पायरीवर बसून राहिली. चित्र सोडताना पुन्हा गालाला लागलेला निळा डाग तिने पुसला नाही.