काळ्या कोटाच्या आतली धडधड

मी एक जुना काळा कोट आहे. वाशीच्या एका ऑफिसात, दारामागच्या खुंटीवर मी असतो.

मित्रांनो, रणजीत टेलरने मला शिवलं तेव्हा वैजयंतीबाईंना नुकतीच वकिलीची सनद मिळाली होती. कापड भारी, अस्तर गुळगुळीत. मी स्वतःवर जाम खूश होतो. पहिल्याच दिवशी बाई कोर्टात उभ्या राहिल्या आणि आतून धाडधाड आवाज येऊ लागला. बाईंचं काळीज होतं ते. मला वाटलं, सवय झाली की थांबेल.

ते कधीच थांबलं नाही. बाईंकडे येणारी माणसंच तशी होती. कुणाचे हात तळोज्याच्या कारखान्यात भाजलेले, कुणाची वाचा डोक्याला मार लागून गेलेली. आपण हरलो तर या माणसाने जगायचं कसं, या विचाराने बाईंना दरदरून घाम फुटे आणि तो सगळा माझ्या अस्तरात मुरे. बाहेर लोक म्हणत, "मॅडम कुणाच्या बापाला घाबरत नाहीत." खरं काय ते माझ्या अस्तराला ठाऊक.

सगळ्यात जास्त घाबरलो ते निकेशच्या वेळी. निकेश उरणचा. कंटेनर यार्डात कामावर असताना, रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ट्रेलरखाली त्याचा पाय गेला. यार्डवाले म्हणाले, त्याने चमकणारं पिवळं जाकीट घातलंच नव्हतं, म्हणून तो ड्रायव्हरला दिसला नाही; चूक त्याचीच. कोर्टाने हे मानलं तर भरपाई नाही, आणि भरपाई नाही तर नवा पायही नाही.

"चंदाताई, जाकीट शोधा हो. सगळं त्याच्यावरच अडलंय," बाई निकेशच्या आईला परत परत सांगत.

"गावत नाय, बाय," चंदाताई खाली बघत म्हणत.

साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं. "जाकीट होतं म्हणता ना? मग दाखवा." चंदाताई पिंजऱ्याचा कठडा धरून उभ्या होत्या. बाईंना मध्ये बोलता येत नव्हतं. त्यांनी माझं बटण इतकं घट्ट धरलं की दोरा तुटायला आला. मला वाटलं, संपलं.

"होता, साहेब," चंदाताई शेवटी म्हणाल्या. "मीच खारीन सोरला. आमचेत अपघाताचा कपरा घरान ठेवत नाय. दोनदा घासला, रगत निंगाला नाय. पोराचा पाय गेला, जीव तरी रव्हावा म्हनून सोरला. मंग बायला सांगाची भ्या वाटली."

"म्हणजे खाडीत सोडून पुरावा नष्ट केला!" समोरचे वकील म्हणाले. न्यायाधीशांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि विचारलं, "कसं होतं जाकीट?"

"पिवला. पाठीवर यार्डाचा नाव. चाकान फाटलेला."

न्यायाधीश लिहून घेत होते. त्यांना हे खरं वाटलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. ते कळलं थेट निकालाच्या दिवशी.

स्वतःवरच ठपका येईल असं खोटं कुणी सांगत नाही, असं म्हणत न्यायाधीशांनी त्या माउलीवर विश्वास ठेवला. निकेशला नवा पाय मिळाला.

तो भेटायला आला तेव्हा बाई त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेल्या. तो छान चालत होता, हसतही होता. तेवढ्यात बाजूचा एक टेम्पो टीं टीं वाजत मागे येऊ लागला. निकेशचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बाईंचा दंड, म्हणजे मलाच, असा गच्च पकडला की माझी खांद्याजवळची शिवण टर्रकन उसवली. टेम्पो निघून गेला तरी त्याची पकड सुटेना. डोळे मिटूनच त्याने विचारलं, "मॅडम, गेला काय तो?"

त्यानंतर बाईंनी नवा कोट शिवून घेतला. मी इथे धूळ खात पडलो, त्याचं मला वाईट वाटतं. पण त्या टेम्पोचा आवाज आठवला की अजून धस्स होतं.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाडी चालवाल. गाडी मागे घेताना एकदा मान वळवून बघा. तिथे कुणीतरी उभं असू शकतं. त्याने जाकीट घातलं होतं का, हे त्याच्या आईला कोर्टात विचारायची पाळी आणू नका.