मंगळवारची देवी आणि सकाळच्या दोन गोळ्या

दर मंगळवारी ओवे गावात कृष्णाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. तिची सून प्रमिला उपाशीपोटी पाटावर बसायची. अकराच्या सुमाराला घामाने निथळायची, थरथरायची, भलतंच बरळायची. बाया लोटांगण घालायच्या. मग काशिराम भगत गुळाचं पाणी पाजायचा आणि पंधरा मिनिटांत प्रमिला शुद्धीवर!

"सात समुद्र वलांडून आई येते, गुलाचा मान घेऊन जाते!" भगत गर्जायचा. आईला एवढा प्रवास झेपायचा. रिकाम्या हाताने आलेला भक्त तेवढा झेपत नसे.

कृष्णाबाईची मान ताठ. "आमच्या घरात देवी हाय. तुमच्या सुना निस्त्या मोबाईल बघतान!"

या मंगळवारी मात्र गूळपाणी ओठांच्या कडेने ओघळलं. प्रमिला डोळे उघडेना.

"आई कोपली! नऊ दिस कडक उपास धरा!" भगत ओरडला.

"मुडद्या, तिला घोट गिलवत नाय नि उपास कसला सांगतोस?" कृष्णाबाई कडाडली.

शेजारची नर्स आशालता गर्दीतून घुसली. तिने प्रमिलाचं बोट टोचलं, यंत्र पाहिलं आणि तिच्या नवऱ्याला ओरडून सांगितलं, "साखर अडतीस! सुदामदादा, आधी गाडी काढा! मावशी, वहिनी डायबेटीसच्या कुठल्या गोळ्या घेते?"

कृष्णाबाईने डबा पुढे केला. एक पाकीट जुन्या डॉक्टरांचं, दुसरं दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टरांचं.

"मावशी, दोन्ही एकच औषध आहे, फक्त कंपनी वेगळी. नव्यांनी जुनी गोळी बंद करा असं लिहिलंच नाही. हिला रोज दुप्पट जातंय, आणि मंगळवारी वर उपास. साखर तळाला गेली की माणूस असंच थरथरतं. गुळाने ती चढायची. भगताने नाही!"

कृष्णाबाईने दोन्ही पाकिटं हातात घेतली. "डाक्टर बोलला, सकालची गोली चुकवू नको. एक दिस चुकवली नाय गो. माज्या हातानं देत होते. दोन्ही."

पनवेलच्या रुग्णालयात सलाईनमधून साखर चढत होती. प्रमिला निपचित पडली होती. "मेंदूला किती झळ बसली, ते जाग आल्यावरच कळेल," डॉक्टर म्हणाले. जाग कधी येईल, ते त्यांनाही सांगता येईना. सुदाम भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या फोनवर भगत सांगत होता, "देवीला घराबाहेर नेलीत, म्हनून कोप झाला." कृष्णाबाईने फोन ओढून बंद केला. त्यापलीकडे तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बायांनो, अंगात आलेल्या बाईपुढे नारळ फोडण्याआधी तिची साखर तपासा. नवी चिठ्ठी मिळाली की जुन्या गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर ओता आणि विचारा, यातली बंद कुठली? विचारायला शाळा लागत नाही. तोंड लागतं, आणि तेवढं तर कृष्णाबाईकडे होतं.