चेअरमन उतरेना, ठोका थांबेना

आमच्या गावापासून समुद्र अडीचशे किलोमीटर लांब. तरी गेल्या मार्चमध्ये इथं जहाज कामगारांच्या संपाची पन्नाशी साजरी झाली, कारण त्या संपातला एक माणूस आमच्या गल्लीत राहतो. रंगनाथतात्या. तरुणपणी मुंबईत जहाजं बांधणाऱ्या एका कंपनीत होते.

पंच्याहत्तर साली तिथं संप झाला. घोषणांना बंदी, म्हणून कामगारांनी अर्धवट जहाजाच्या पोटावर हातोड्यांनी ठोका धरला. दोन हलके, एक जड, मग श्वासभर थांबायचं. नियम असा की मालक पायी चालत येऊन "काय पाहिजे?" असं विचारीपर्यंत ठोका थांबवायचा नाही. पाळ्या लावून सतरा दिवस वाजवलं. मालक मागच्या गेटनं ये-जा करत राहिला. अठराव्या दिवशी पोलिसांनी हातोडे काढून घेतले.

"थांबला न्हाई तो, मोडला," तात्या सांगायचे. "मरायच्या आत एकदा नियमानं थांबल्याला ऐकायचाय."

जहाज कुठून आणणार? बंद पडलेल्या गुऱ्हाळावरची गुळाची काहील आणली आणि वेशीपाशी विटांवर पालथी घातली. आम्ही आठ जण वाजवणारे. त्यात एक कारभारी नावाचा, साखर कारखान्यातला हंगामी कामगार. हंगाम संपला की मळीच्या टाकीत उतरून तळ खरवडतो. मागच्या वर्षी आतल्या वायूनं गुदमरून वर आला आणि दोन दिवस ओकत होता. कारखान्यानं त्याला लिंबू दिलं.

आता कार्यक्रम म्हटला की पाहुणा लागतो. आपल्याकडं मेलेल्या माणसाला खांदा द्यायलासुद्धा लोक प्रमुख पाहुण्याची वाट बघतील. सरपंच आसाराम म्हणाला, "चेअरमनसायेबांना बोलवा. मांडव कारखान्याचा हाय." मला वाटलं तात्या भडकतील. तात्या लगेच म्हणाले, "बोलवा."

चार वाजता चेअरमन सुहासदादा आला. पांढरी गाडी, मागं कार्यकर्त्यांच्या नऊ गाड्या. तात्यांनी मान हलवली, आम्ही ठोका धरला.

चेअरमनची एक रीत आहे. स्वागताचं वाजवणं थांबल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही. थांबलं की कुणीतरी दार उघडतं, मग पाय बाहेर, मग हार. तो आत हसत बसून राहिला. आम्ही वाजवत राहिलो.

दहा मिनिटं गेली. आसाराम हार घेऊन पळत आला. "तात्या, थांबवा की. सायेब उतरायचेत."

"उतरू दे. मग थांबवतो."

"थांबल्यावर उतरत्यात ते."

"मग बसू दे."

तात्यांची बायको रतनबाई सावलीत बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यानं पन्नास वर्सं कळ काढली. तुमच्या सायबाला अर्धा तास निघंना व्हय?"

गाडीची काच दोन बोटं खाली आली. पीए उतरून आला. "साहेब विचारतायत, हे गाणं किती मिनिटांचं आहे?"

"मागल्या येळंला सतरा दिवस चाललं," तात्या म्हणाले.

पीए परत गेला. गाडी मागं घ्यायची म्हटलं तर बोळ अरुंद आणि मागं स्वतःच्याच नऊ गाड्या. सगळे ड्रायव्हर चहाला गेलेले. पुढं काहील. वाजवून आमच्या हाताला फोड आले होते, पण मी खोटं सांगत नाही, त्या काचेमागचं हसू आटत चाललेलं बघून घण हलका लागत होता.

पन्नासाव्या मिनिटाला दार उघडलं. आतूनच. चेअरमन धुळीतून वीसेक पावलं चालत काहिलीपाशी आला. कपाळावर घाम. "अहो, तुम्हाला पाहिजे तरी काय?"

तात्यांनी हात वर केला. आठही हातोडे थांबले.

इतकं शांत झालं की रतनबाईच्या हातातली शेंग फुटलेली ऐकू आली. तात्यांनी डोळे मिटले. मग पंच्याहत्तर सालच्या मागण्या त्यांनी पाठ म्हटल्यासारख्या सुरू केल्या. "दोन येळा च्या."

"मान्य," चेअरमन म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून तो खुलला.

"पायात बूट."

"मान्य."

"जहाजाच्या टाकीत मानूस उतरवायच्या आदी हवा सोडायची. वर दोर धरून एक जन उभा पायजे."

"शंभर टक्के मान्य." नसलेल्या जहाजाला द्यायला ह्याचं काय जातंय.

कारभारी म्हणाला, "सायेब, आन मळीच्या टाकीला?"

चेअरमननं आधी त्याच्याकडं बघितलं, मग मोबाईल धरून उभ्या असलेल्या लोकांकडं. "ते आपण नंतर बसून बघू."

तात्यांनी डोळे उघडले. त्यांचं झालं होतं. ठोका नियमानं थांबला होता, ऐकून झाला होता, घरी जायला मोकळे होते. त्यांनी कारभारीकडं बघितलं. मग माझ्या हातातला घण घेतला आणि काहिलीवर दोन हलके मारले.

जड कारभारीनं मारला.

"अहो, आता काय?" चेअरमन ओरडला. "आलो ना मी चालत?"

"आलात की," तात्या वाजवता वाजवता म्हणाले. "आता ऱ्हावा."

आसारामनं खुर्ची आणली. चेअरमन बसला, उठला, परत बसला. पावणेसहाला पीएनं खिशातनं कारखान्याचा कागद काढला, पेनचं टोपण दातानं उघडलं आणि कारभारीच्या कानात ओरडला, "टाकीत हवा किती वेळ सोडायची असते?"

कारभारी म्हणाला, "तात्यांना इचारा. मला कुटं म्हाईत? आमच्यात कदी सोडलीच न्हाई."