भैय्याजींचा चेंडू

आमच्या विद्यापीठाचं गोल्फ मैदान अठरा होलांचं आहे आणि ग्रंथालयाचं छत पत्र्याचं. एवढं सांगितलं की आमचे संस्थापक भैय्याजी कळले. गोंदियाजवळ फुलचूरच्या पुढे धानाच्या बांध्या सपाट करून त्यांनी ते मैदान केलं. परदेशातून गवत आणलं. त्या गवताला रोज पाणी, आणि मुलींच्या वसतिगृहातला नळ दिवसाआड.

मी अल्का, तिथली क्रीडाशिक्षिका. कंत्राटी. मी मूळची खो-खोची खेळाडू, पण भैय्याजींना चौथा भिडू कमी पडत होता म्हणून मला गोल्फ शिकायला लावलं. शिकले बापा. जागेवर पडलेला चेंडू मारायचा आणि गाडीत बसून त्याच्या मागे जायचं, त्यात शिकायचं ते काय? तरी खेळाचा मला राग नव्हता. राग होता तो खेळणाऱ्यांचा. भैय्याजींचा फटका हुकला की रजिस्ट्रार इंद्रकुमार म्हणणार, "ती प्रॅक्टिस होती सर, मोजायची नाही." चेंडू होलपासून चार हात लांब राहिला तरी प्राचार्य धावत जाऊन तो उचलणार, "दिला सर, दिला," म्हणजे होलात गेला असंच धरायचं. पीएचडी झालेली माणसं ही. लाज कशाशी खातात ते यांना कुणी शिकवलंच नसावं.

मीही नाक मुठीत धरून खेळत होते. माझी कायम होण्याची फाइल भैय्याजींच्या टेबलावर पडून होती. तिकडे सौंदडला माझे बाबा, रत्नपाल, गावभर सांगून मोकळे झाले होते की पोरगी यंदा पक्की होते. दुसऱ्याच्या बांधीत राबून त्यांनी मला बीपीएड केलं. मला त्या मैदानाचं तोंडसुद्धा पाहावंसं वाटत नव्हतं, पण बाबांसाठी ती नोकरी पक्की व्हायलाच हवी होती.

अशात नागपूरहून एक निरीक्षक आले. राज्याची स्पर्धा आमच्या मैदानावर घ्यायची की नाही हे ते ठरवणार होते, आणि त्यासाठी आमच्यासोबत खेळणार होते. खेळ सुरू होण्याआधी इंद्रकुमार माझ्या कानाशी लागले. "मॅडम, आज जास्त हुशारी नको. उद्या फाइलवर सही आहे."

सतरा होल सुखरूप गेले, म्हणजे भैय्याजी जिंकत राहिले. शेवटच्या होलपुढे जुनी बोडी आहे, गावची म्हशी धुवायची तळी. आता तिच्याभोवती फुलझाडं लावून तिला इंग्रजीत 'लेक' म्हणतात. भैय्याजींनी फटका मारला आणि चेंडू बोडीत डुबकन गेला. सगळ्यांनी पाहिलं. आम्ही पलीकडे पोचलो तर इंद्रकुमार आधीच गवतात उभे. "मिळाला सर, इथे आहे." पायाशी चेंडू, कोरडा ठणठणीत.

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हा त्यांचाच का?"

नुसतं हो म्हणायचं होतं. खोटं मला बोलता येत नाही असं नाही, घरी सासूशी रोज बोलते. पण इंद्रकुमार भैय्याजींमागे उभे राहून मला मान हलवून दाखवत होते, शाळेतल्या पोराला उत्तर सांगावं तशी, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"नाही," मी म्हटलं. "त्यांचा बोडीत गेला. हा इंद्रकुमार सरांच्या खिशातला आहे."

इंद्रकुमारांची हलणारी मान थांबली. मग भैय्याजी मोठ्यानं हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देखा साहब? ये है हमारी युनिव्हर्सिटी. यहाँ मालिक के मुँह पर सच बोलते हैं. मैं तो इनको परख रहा था." पहिली टाळी इंद्रकुमारांनीच वाजवली. फोटो काढला. क्षणभर मलाही वाटलं, माणूस मनाचा मोठा आहे. माझ्यासारखी बावळट मीच.

स्पर्धा मिळाली. महिना संपला आणि माझं कंत्राट वाढवलं नाही. "पोस्टच राहिली नाही मॅडम," इंद्रकुमार म्हणाले. म्हणताना डोळ्याला डोळा भिडवण्याचीही त्या माणसाची हिंमत नव्हती. आणि फुलचूरच्या रस्त्यावर भलंमोठं होर्डिंग लागलं. हातात काठी घेतलेली मी, माझ्या डोक्यावर भैय्याजींचा हात, आणि खाली मजकूर: सचोटी हीच आमची शिकवण.

गावातल्या कुणीतरी बाबांना ते मोबाइलवर दाखवलं. न कळवता ते गाडीनं गोंदियाला आले, इस्त्रीचा सदरा घालून. घरी पाणीसुद्धा न पिता म्हणाले, चल, दाखव. भर उन्हात आम्ही दोघं होर्डिंगखाली उभे राहिलो. त्यांनी डोळ्यांवर हाताची सावली धरून बराच वेळ वर पाहिलं.

"केवढा मोठा फोटो लावला वं बाई," ते म्हणाले. "मंग आता पक्की झाली नं तू?"

"हो बाबा," मी म्हटलं. "झाले."

"मंग गावाले पेढे नेतो," ते म्हणाले, आणि मी त्यांना मिठाईच्या दुकानाकडे घेऊन गेले.