निकिताचा हिरवा चौकोन

मी वर्गातला टॅब बोलतोय. पहिल्यांदा जाग आली तेव्हा खिडकीबाहेर घंटी वाजत होती, मेंढीच्या गळ्यातली. चार वर्षं झाली त्याला. माझ्या जातीत एवढं वय म्हणजे म्हातारपण. आता बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही.

पेडगावच्या शाळेत साधना मॅडमकडे दोन वर्ग, चौसष्ट मुलं. माझ्या काचेवर प्रत्येकाचा एक चौकोन. मूल हजर असलं की हिरवा. सलग तीन दिवस आलं नाही की लाल. मला फार शहाणपण नाही. पण लाल होऊन मॅडमना टोचणं जमायचं.

दिवाळीनंतर किशनराव मेंढरं घेऊन पूर्णा नदीकडे निघत. नात निकिताही सोबत जाई. तिचा चौकोन लाल झाला की मॅडम स्कूटीवर मेंढरांचा तळ शोधत जायच्या. "चला, कलेक्टरीणबाई!" म्हणत तिला मागे बसवून आणायच्या. मग ती गावात आत्याकडे राहून शिकायची.

यंदा हेडमास्तर आबासाहेब म्हणाले, "मॅडम, लाल दिसलं की वरून फोन येतो. सकाळीच 'सगळे हजर' दाबून मोकळ्या व्हा की."

ते बटण माझ्या कपाळावरच आहे, चांगलं मोठं. एकेकाचं नाव मात्र खाली, बारीक. मॅडमनी दाबलं. मग रोजच दाबत गेल्या. निकिताची जागा रिकामी दिसली की म्हणायच्या, "उद्या जाऊन येते." मी हिरवाच. टोचणार कसा?

होळीच्या तोंडावर किशनराव एकटेच आले.

"औंदा आल्या न्हाईत तुमी. पोरगी रोज दप्तर भरून रस्त्याकडं बघायची."

"नाव आहे ना तिचं अजून, आजोबा. हे बघा, हिरवं."

त्यांनी मला डोळ्यांजवळ धरलं.

"ही हिरवी कुठं बसती, मॅडम?"

मॅडमची नजर निकिताच्या रिकाम्या जागेवर गेली.

"आता म्हणती, मॅडमला मी नको हाय. दप्तरात कोकरू घालून फिरायलीय. लय समजावलं. ऐकायलीच न्हाई."

मला घडवणाऱ्यांनो, ते मोठं बटण तेवढं काढा. मला लाल होऊ द्या.

मॅडमनी निकिताचं नाव शोधून मागचे तीन दिवस गैरहजर लावले. मी लाल झालो. फार उशिरा.

किशनरावांनी पिशवीतून तिची पुस्तकं काढली, माझ्या काचेवर ठेवली. त्या अंधारात मला फक्त त्यांच्या पायताणांचा आवाज ऐकू आला, दूर जाणारा.