पहिला खिळा

काका गेले. मंगळवारी सकाळी, दुकानातच, हातात कानस आणि समोर अर्धवट घासलेली किल्ली.

हे मी सांगितलंच नाही असं धरून चला.

तर काका दुकानात बसले आहेत. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं, त्यामुळे काकांचं गिऱ्हाईक नेहमी नम्र दिसतं. मागच्या फळीवर तेवीस खिळे आणि बावीस किल्ल्या. गल्लीतली माणसं घराची जादा किल्ली काकांकडे ठेवतात, कारण त्यांना नातेवाइकांपेक्षा कुलपं उघडणारा माणूस भरवशाचा वाटतो. एकाही किल्लीवर नाव नाही. नाव लिहिलं तर चोराचं अर्धं काम आपणच केलं, असं काका म्हणतात. कुणाची कुठली, ते फक्त त्यांच्या डोक्यात. पहिल्या खिळ्यावर मात्र त्यांचा रुमाल असतो. विचारलं तर म्हणतात, "तो खिळा राखीव आहे."

माझे बाबा म्हणजे काकांचे सख्खे मोठे भाऊ, वजनकाटे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त. दोघांमध्ये सहा वर्षं अबोला आहे आणि त्याचं कारण एक टॉवेल आहे.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी बाबा टॉवेलवर पेपर घ्यायला बाहेर आले आणि मागे दार ओढलं गेलं. आत गॅसवर दूध. समोरच्या नर्सबाईंच्या फोनवरून त्यांनी काकांना बोलावलं. काका पाच मिनिटांत हत्यारं घेऊन हजर. आपल्या दादाकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, "हे घर तुमचंच आहे, असं सांगणारा कुणी शेजारी आहे का?"

काकांचा तो नियम होता. शेजाऱ्याने ग्वाही दिल्याशिवाय ते कुणाचंही दार उघडत नसत.

"अरे, आपण एका ताटात जेवलोय," बाबा म्हणाले.

"ते ताट या घरातलं होतं का?"

नर्सबाई रात्रपाळी करून आल्या होत्या. हसू आवरत त्या म्हणाल्या, "हो, घर यांचंच. जळतंय ते दूधही यांचंच." दार उघडलं. दूध गेलं, पातेलं गेलं, आणि भाऊ जिना उतरून गेला तो पुन्हा वर आला नाही.

तेव्हापासून मी टपाल आहे. आधी शाळा, मग कॉलेज सुटल्यावर दुकानात जायचं, काकांचा निरोप घ्यायचा, घरी पोचवायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी परत.

"विचार त्याला," बाबा सांगतात, "सख्ख्या भावावर विश्वास नाही आणि अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या सांभाळतोय. हे कसं?"

"दादाला सांग, त्याच्यासाठी नियम मोडला असता, तर या बावीस घरांनी झोपायचं कसं?" काका म्हणतात. "आणि हेही सांग, माणूस कुणी बघत नसतानाच चांगला असतो. बघणारं आलं की तो नुसता नीट वागतो."

"मी तीस वर्षं काटे तपासलेत. मी गेलो नाही, त्या दिवशी किलो आठशे ग्रॅमचा असायचा."

"आणि बाराशे ग्रॅम देणारे किती होते, ते तपासलं का?"

यावर बाबांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सांग त्याला, फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता."

मी टपाल चांगलं होतो, फक्त पाकीट उघडून आतलं पत्र सुधारायची मला सवय होती. एखादा निरोप मिळमिळीत वाटला की मी त्याला फोडणी द्यायचो. कुणाची तक्रार नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी काकांनी कानस खाली ठेवली. रुमाल त्यांच्या खांद्यावर होता. म्हणाले, "दादाला सांग, पहिला खिळा भरला."

"बस?"

"बस. त्याला कळेल."

मला वाटलं, हा काय निरोप झाला? दुकानातला खिळा भरला काय, मोकळा राहिला काय, बाबांना त्याचं काय. म्हणून घरी येऊन मी सांगितलं, "काका म्हणतात, देव खरंच सगळं बघत असेल, तर जगात चांगला माणूस एकही नाही."

वाक्य चांगलं होतं. माझंच होतं. बाबा हसले नाहीत.

"अजून काही म्हणाला?"

"नाही."

"नीट आठव."

"एवढंच, बाबा."

त्यांनी चहात साखर घातली, ढवळली, मग परत घातली. त्यांना साखर बंद होती.

आता तो मंगळवार येतो. मी बराच लांबवून पाहिला.

तेराव्या दिवशी मी फळी उतरवली आणि किल्ल्या घेऊन दारोदार फिरलो. बहुतेकांनी आपापली ओळखली, उरलेल्या लावून पाहिल्या. बावीस परत गेल्या. एक उरली. ती टेबलावर ठेवून मी बाबांना म्हटलं, "ही कुणाचीच नाही."

बाबांनी ती हातात घेतली नाही. "कुठल्या खिळ्यावर होती?"

"पहिल्या."

ते खाली बसले. म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी तो चहाला गेला होता, तेव्हा मी गल्ल्यावर ठेवून आलो. आपल्या घराची. हे कुलूप त्यानेच बसवलेलं. म्हटलं, ओळखली तर टांगेल, नाहीतर भंगारात टाकेल. टांगली तर कळवेल." मग म्हणाले, "कळवलं नाही त्याने."

मी सांगितलं. तो निरोप, ती संध्याकाळ, ते माझं चांगलं वाक्य, सगळं. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर मला कुठे बघायचं ते कळलं असतं.

"लावून बघ," ते म्हणाले. आम्ही बाहेर आलो, दार ओढून घेतलं. मी किल्ली कुलपाजवळ नेली.

"थांब. आधी नर्सबाईंना बोलव. नियम आहे."

नर्सबाई ओले हात पदराला पुसत आल्या. या वेळी हसल्या नाहीत. "हो," म्हणाल्या, "घर यांचंच."

किल्ली पहिल्याच फेऱ्यात फिरली.

काल दुकान बंद केल्याचा अर्ज भरायला गेलो. त्यावर रकाने बरेच होते, हवा होता तोच नव्हता. म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:

प्रति, मा. परवाना अधिकारी. सदर दुकानातून दोन वर्षांपूर्वी निघालेला 'पहिला खिळा भरला' हा निरोप खाली सही करणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे पोचला नाही. तरी तो त्याच संध्याकाळी, चहात साखर पडण्यापूर्वी पोचला अशी नोंद मागील तारखेने करून घ्यावी, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत दोन्ही भावांनी समोरासमोर बसून घातलेल्या वादांची खरी नक्कल अर्जदाराच्या वडिलांस देण्यात यावी, ही विनंती. ग्वाही देण्यास समोरच्या नर्सबाई हजर राहतील.