सोडून द्यायचं बटण

मी बंदुकीच्या कपाटातून बोलतोय! दचकू नका, मी बंदूक नव्हे. मी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. काळा, गुबगुबीत, अंगभर बटणं आणि पोटात दोन इवल्या मोटरी. पडद्यावर गोळी सुटली की त्या गरगरतात आणि मी थरथरतो. काय मजा यायची म्हणून सांगू!

माझी मालकीण कीली, वय वर्षं आठ. तिच्या मोठ्या मावसभावाला माझा कंटाळा आला आणि त्यानं मला खेळाच्या यंत्रासकट, तबकड्यांसकट तिला देऊन टाकलं. युद्धाच्या तबकडीच्या डबीवर 'पंधरा वर्षांवरील' असं ठळक छापलं होतं. पण डब्या वाचतो कोण? कीलीची आई डबो शहरात नर्स, कामाच्या पाळ्या करून करून थकलेली. जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याच्या, सुट्टीत तिनं लेकीला आजोळी, मेंढ्यांच्या फार्मवर सोडलं. पाठोपाठ आमचीही वरात आली.

आजोबा आल्बी, त्यांना कीली पॉप म्हणते. आजी नोरीन, ती नॅन. पॉप मला रिमोट म्हणायचा. रिमोट! माझा असा संताप व्हायचा!

"पोरगी दिवसभर नुसती धाडधाड करतेय, आल्बी," नॅन कुरकुरली.

"बाहेर हाडं गोठवणारी थंडी आहे. बसू दे की चुलीजवळ."

आणि आम्ही बसलो! धाड, धाड, धाड! चार दिवसांत आम्ही नऊशे माणसं लोळवली. मी तर हवेतच होतो.

पाचव्या दिवशी सकाळी फाटकापाशी आरडाओरडा झाला. कीली मला हातात घेऊनच धावली. मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीत बिस्किटचा पाय अडकून मोडला होता. बिस्किट म्हणजे नॅननं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली म्हातारी मेंढी. पाय वाचणारा नव्हता. पॉपनं बंदूक आणली, टोपी काढली, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. एकच आवाज झाला.

"हेडशॉट!" कीली ओरडली. "पॉप, शंभर पॉइंट!" आणि तिनं माझं बटण दाबलं.

नॅननं तोंडावर हात ठेवला. पॉप पांढराफटक पडला. जवळ आला आणि त्यानं मला तिच्या हातातून काढून घेतलं. त्याचा हात थरथरत होता. अहो, मी थरथरतो ते मला तसा हुकूम येतो म्हणून. त्याचा हात कुणीही न सांगता थरथरत होता.

घरात येऊन त्यानं भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट उघडलं. "कायदाच आहे. बंदूक इथं, गोळ्या वेगळ्या पेटीत. तसा रिमोट इथं आणि तबकडी त्या पेटीत. किल्ली माझ्याकडे." खाडकन कुलूप!

आत बंदूकबाई होत्या. मी ऐटीत म्हटलं, "मी चार दिवसांत नऊशे. तुम्ही?"

"वर्षभरात तीन," त्या म्हणाल्या. "तिन्ही दिवशी आल्बी जेवला नाही."



बाहेर कीली दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी तिनं पॉपला गाठलंच. "तू खरी बंदूक ठेवतोस आणि माझी खोटी कोंडतोस! हा कुठला न्याय?"

"दे उत्तर आता," नॅन म्हणाली.

पॉपनं डोकं खाजवलं. "मुद्दा बरोबर आहे पोरीचा. चल, मला दाखव तरी काय असतं ते."

मी सुटलो! पॉपच्या राकट हातात! पंचक्रोशीत नेम धरावा तर आल्बीनं, आणि इथं गडी चार सेकंदांत मेला. पुन्हा मेला. "अगं, मी भिंतीकडे का चालतोय?" कीली हसून हसून लोळत होती. सहाव्या खेपेला तो जगला. समोर एक सैनिक हत्यार टाकून, हात वर करून उभा राहिला.

"याला सोडून द्यायचं बटण कुठलं?" पॉपनं विचारलं.

"तसं बटण नाहीये, पॉप. मारल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

"पण त्यानं हात वर केलेत ना."

कीलीनं माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मला भयंकर लाज वाटली. अंगभर बटणं, आणि त्यातलं एकही त्या माणसाच्या कामाचं नाही!

"बिस्किट ओरडत होती ना रे?" तिनं हळूच विचारलं, आणि मग ती जी रडली! पॉपनं तिला पोटाशी धरलं. यंत्र नॅननं बंद केलं. "त्या दिवशी हाही जेवला नाही गं," ती म्हणाली.

तेव्हापासून युद्धाची तबकडी गोळ्यांच्या पेटीत आहे. कीली पंधराची होईतो ती तिथंच राहणार. आम्ही खेळतो गाड्यांच्या शर्यती, तेही कुणी शेजारी बसलं असेल तरच. खेळ संपला की माझा मुक्काम पुन्हा कपाटात. आणि सांगू, जिंकतं कोण? नॅन! "बाजूला हो म्हाताऱ्या, मागून मी येतेय!" असं ओरडते. मी इतका थरथरतो की बस्स!

सुट्टी संपली तेव्हा कीलीनं मला इथंच ठेवलं. "पॉपला सराव हवा," म्हणाली. आजी-आजोबांनो, आम्हाला नुसतं कोंडू नका हो. एकदा हातात घेऊन बघा, पोरांना विचारा.

काल एका मेंढीला कोल्ह्यानं फाडलं, ती वाचणारी नव्हती. बंदूकबाई बाहेर गेल्या, परत आल्या. पॉपनं कपाट लावलं. हात तसाच थरथरत होता. स्वयंपाकघरात फोन वाजला. कीली होती. नॅननं फोन त्याच्या कानाला लावला.

"आज एक मेंढी गेली गं," पॉप म्हणाला.

पलीकडून लगेच आवाज आला, इतका मोठा की मला कपाटात ऐकू आला.

"पॉप, तू जेवलास का?"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ताटात चमचा वाजला. आणि मी, कुणीही बटण न दाबता, थरथरलो.